आटणी

सकाळी गणवेश अंगात घालण्याआधी आई तो नाकाशी धरायची. तेजाबाचा वास उतरला की नाही ते बघायला. उतरलेला नसायचाच. करोल बागेत बीडनपुऱ्याच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, आणि खाली अण्णांची भट्टी. नायट्रिक आम्लात धातू पडला की तपकिरी-नारिंगी धूर निघतो, तो जिन्यावरून थेट वर यायचा आणि दोरीवरच्या शर्टांत जाऊन बसायचा. माझ्या वर्गात परफ्युमच्या व्यापाऱ्यांची मुलं होती, कापडवाल्यांची होती, सरकारी अधिकाऱ्यांची होती. तेजाबाच्या वासाचा मी एकटाच.

आम्ही गलाईवाले. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, पण विटा, आटपाडी, खानापूर, माण, खटाव या भागात घरटी एक माणूस तरी ‘गलाईला’ गेलेला असतो. पाऊस नाही, जमीन मुरमाड, म्हणून माणसं चिमटा आणि मूस घेऊन बाहेर पडली आणि देशभरातल्या सराफपेठांच्या मागच्या गल्ल्यांत जाऊन बसली. सोनार दागिना घडवतो तेव्हा कानसेचा कीस उडतो, जमिनीवर सांडतो, केरात जातो, हात धुतलेल्या पाण्यात जातो. तो केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, गाळायचा आणि त्यातून सोनं बाहेर काढायचं. मोडीचे दागिने वितळवून त्यांचा टंच काढायचा, म्हणजे शंभरात शुद्ध किती ते सांगायचं. करोल बाग हे दागिने घडवणाऱ्या कारागिरांचं मोठं केंद्र, त्यामुळे तिथं केराला तोटा नाही. पहाटे गल्लीतली गटारंसुद्धा कुणीतरी झाडून नेतं, इतका त्या धुळीला भाव.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. अण्णा त्याच वर्षी दिल्लीला आले. चुलतभाऊ पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जात होते, तिथंच माझंही नाव पडायचं. पण अण्णांच्या एका पंजाबी सराफानं डोक्यात भरवलं की मुलाला ‘ब्रदर लोकांच्या’ शाळेत घाला, उद्या हिशेब इंग्रजीत होणार आहेत. त्या सराफाच्याच ओळखीनं मी गोल डाकखान्याजवळच्या सेंट कोलंबाज शाळेत दाखल झालो. आयरिश ख्रिश्चन ब्रदर्सनी ती १९४१ साली सुरू केली. फक्त मुलांची शाळा. एका बाजूला सेक्रेड हार्ट कॅथीड्रल, त्याच्या पलीकडे मुलींचं कॉन्व्हेंट, आणि रस्त्यापलीकडे बंगलासाहेब गुरुद्वारा. कॅथीड्रलची घंटा आणि गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन एकमेकांत मिसळून वर्गाच्या खिडकीतून आत यायचं आणि त्या दोन्हींवर भूमितीचा तास चाले.

गावाकडं बातमी पोचली तेव्हा आजीनं आईला निरोप धाडला: पोरगं बाटंल. आजीच्या डोक्यात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची जुनी गोष्ट पक्की होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत झेलम एक्स्प्रेसनं पुण्याला आणि तिथून एसटीनं गावी गेलो की ती आधी जवळ घ्यायची, मग हळूच कानात विचारायची, ‘‘पाव खातूस का रं तिथं?’’ आता करोल बागेत राहणाऱ्या आणि अजमल खान रोडवर ब्रेड पकोडा खाऊन वाढणाऱ्या पोरानं यावर काय सांगावं? मी ‘नाही’ म्हणायचो. माझ्या धार्मिक आयुष्यातलं पहिलं खोटं हे असं पावापायी घडलं.

बाटवायला कुणी आलं नाही, हे आधी सांगून टाकतो. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं कॅटेकिझमला उठून जायची आणि आम्ही उरलेले, म्हणजे वर्गातले बहुतेक सगळे, मॉरल सायन्सचं पुस्तक उघडायचो. संविधानाच्या २८व्या कलमात लिहिलंय की मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आम्हाला कलम ठाऊक नव्हतं. कॅटेकिझमला जाणाऱ्या मुलांना आमच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त बाहेर फिरायला मिळतं एवढाच धर्मभेद आम्हाला जाणवायचा, आणि त्याबद्दल आमच्या मनात शुद्ध मत्सर होता. सकाळच्या प्रार्थनेत मात्र सगळे. हात जोडायचे, डोळे मिटायचे. त्या इंग्रजी प्रार्थनेतला ‘दाय’ म्हणजे काय हे मला चौथीपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं देवाचं आडनाव असेल.

खरं शिक्षण रात्री जेवताना व्हायचं. अण्णा भट्टीवरून वर येत, हात खळखळून धूत, आणि ताटावर बसता बसता विचारत, ‘‘काय शिकीवलं आज?’’ अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, हिंदी दुकानापुरती. मग मी शाळेतलं सगळं आमच्या बोलीत आणून सांगायचो. त्यात काय उरायचं आणि काय जळून जायचं याची मला हळूहळू गंमत वाटायला लागली. फोटोसिंथेसिस टिकलं. पानिपत टिकलं, फक्त अण्णांना पानिपत दिल्लीहून किती कोस ते हवं होतं. ट्रिनिटी मात्र काही केल्या मराठीत बसेना. एक देव आणि तीन व्यक्ती म्हणजे काय? आईनं विचारलं, ‘‘दत्तासारखं का?’’ मी म्हटलं नाही, दत्त तीन मिळून एक. ‘‘मग हे?’’ ‘‘एकच आहे, पण तीन.’’ अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडत निकाल दिला, ‘‘सोडून दे. लग्नाला लागंल तेव्हा बघू.’’

आमच्या घरचा देव खरसुंडीचा सिद्धनाथ. नाथबाबा. आजोबा माळकरी, पंढरीची वारी करणारे, पण घराचं कूळ नाथबाबाचं. परीक्षेच्या दिवशी आई त्याचा अंगारा कपाळाला लावायची, दोन भुवयांच्या मध्ये, बोट जरा दाबून. एका फेब्रुवारीत युनिट टेस्ट आणि ॲश वेन्सडे एकाच दिवशी आले. मधल्या सुट्टीत कॅथलिक मुलं कॅथीड्रलमधून परत आली ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. मागच्या वर्षीच्या पाम संडेला वाटलेल्या झावळ्या जपून ठेवतात, त्या जाळून ही राख करतात. तू मातीच आहेस आणि मातीलाच मिळणार, असं सांगत ती कपाळाला लावतात. रांगेत माझ्या पुढं एक गोव्याचा मुलगा आणि मागं एक मल्याळी, दोघांच्या कपाळाला राख. मधे मी, माझ्याही कपाळाला राख. आमचे वर्गशिक्षक ब्रदर, वय झालेले, आयर्लंडहून आलेले, रांगेवरून नजर फिरवत आले आणि माझ्यापाशी थांबले.

‘‘तुला कुणी लावली?’’

‘‘आईनं, ब्रदर.’’

‘‘काय म्हणून लावली?’’

‘‘गणितात पास व्हावं म्हणून.’’

ब्रदर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले की त्यांची राख मरणाची आठवण करून देण्यासाठी आहे आणि माझी गणितासाठी, तेव्हा एका परीनं दोन्ही एकच. वर्ग हसला. घरी सांगितलं तर आई हसली नाही. तिनं विचारलं, ‘‘मरणाची राख लहान पोरांना कशाला लावतात?’’ त्यावर अण्णा म्हणाले, ‘‘राख काय वाईट न्हाय. आपलं सगळं राखंतनंच निघतंय.’’ ते धंद्याचं बोलत होते. केर जाळून उरते त्या राखेत सोनं असतं, हे त्यांच्या लेखी रोजचं.

ज्या संताच्या नावानं आमची शाळा, त्या कोलंबाचा सण ९ जूनला. दिल्लीच्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे बिचाऱ्याच्या वाट्याला वर्गातली गोष्ट तेवढी यायची. पण ती गोष्ट अशी होती की आम्हा पोरांना ती हवीहवीशी वाटावी. सहाव्या शतकातला हा आयरिश भिक्षू. फिनियन नावाच्या आपल्या गुरूकडचं स्तोत्रांचं पुस्तक त्यानं रात्री चोरून उतरवून काढलं. आख्यायिका म्हणते की दिव्याऐवजी त्याची बोटंच उजेड देत होती. गुरूला कळलं. त्यानं ती नक्कल मागितली. हा देईना. वाद राजापुढं गेला. राजानं निवाडा केला की गाय ज्याची वासरू त्याचं, तसं पुस्तक ज्याचं नक्कलही त्याचीच. कोलंबाला हे मान्य झालं नाही, भांडण पेटत गेलं, आणि परंपरा सांगते की त्यातून ५६१ साली लढाई होऊन पुष्कळ माणसं मेली. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तो ५६३ साली मायदेश सोडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला आणि तिथं मठ उभारला.

कॉपी केल्याबद्दल खटला चाललेला संत शाळेला लाभणं म्हणजे काय हे विद्यार्थ्यांनाच कळेल. पुढं कितीतरी परीक्षांत या संताचं नाव घेऊन शेजारच्याच्या पेपरात डोकावलं गेलं.

घरी ही गोष्ट दोन्हीकडून तपासली गेली. अण्णांना निवाडा पटला नाही. ‘‘गायीला वासरू आपोआप व्हतंय. हितं ह्यानं रातभर बसून लिवलंय. त्याची मजुरी कुठं गेली?’’ केर सोनाराचा असतो, पण त्यातून सोनं काढण्याची मेहनत गलाईवाल्याची, आणि या दोहोंमध्ये किती टक्के कुणाचे यावर अण्णांचं अख्खं आयुष्य घासाघीस करण्यात गेलं होतं. आईचं म्हणणं वेगळंच होतं. तुकोबाच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तरी लोकांच्या तोंडी अभंग राहिलेच होते. संताजी तेल्यानं उतरवूनही ठेवले होते. मग देवाच्या शब्दावर मालकी कसली सांगतो तो राजा? मी दुसऱ्या दिवशी हे वर्गात माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. संताजी जगनाडे तेथपर्यंत पोचला की नाही ठाऊक नाही, पण ब्रदरनी फळ्यावर एक नाव लिहून घेतलं: TUKARAM नव्हे, माझ्या उच्चारावरून त्यांनी जे ऐकलं ते. त्यात दोन स्पेलिंगच्या चुका होत्या आणि ते नाव संध्याकाळपर्यंत फळ्यावर राहिलं.

मग चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर आला. मी सातवीत. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढचे तीन दिवस काय झालं ते करोल बागेच्या गच्च्यांवरून आम्ही बघितलं: धूर, आणि नंतर आणखी धूर. सरकारी आकड्यानुसार दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. अण्णांनी भट्टी पेटवली नाही. आमच्या धुराड्यातून निघालेला धूर बघून कुणाला काय वाटेल याची त्यांना भीती होती. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा आला, आणि मी त्याला ओळखलं नाही. डोक्यावरचा पटका नव्हता. केस नव्हते. मानेवर, जिथं ऊन कधी लागलंच नव्हतं, तिथली कातडी पांढरी होती. तो दिवसभर हातानं मान झाकत होता. त्या सकाळी प्रार्थना झाली, पण ती इतका वेळ नुसती शांततेचीच होती की लहान वर्गातली मुलं चुळबुळ करायला लागली. रात्री अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, काय शिकवलं आज. मी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायचं होतं ती याच्या पुढच्या वर्षीची. हिवाळा होता, नाताळ जवळ आलेला. ब्रदर वर्गात येशूच्या येण्याविषयी बोलत होते आणि बोलता बोलता जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाकडं गेले, मलाखी संदेष्ट्याच्या. देव येईल तो चांदी शुद्ध करणाऱ्यासारखा, असं त्यात आहे. माझे कान टवकारले. सात वर्षांत पहिल्यांदा त्या शाळेत आमच्या धंद्याचं नाव निघालं होतं. ब्रदर पुढं म्हणाले, चांदी शुद्ध झाली हे त्या माणसाला कळतं कसं? तर तिच्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो तेव्हा.

त्या रात्री मी अण्णांची वाटच बघत होतो. सगळं सांगितलं. अण्णा जेवायचे थांबले.

‘‘तोंड दिसतंय?’’

‘‘हो. आरशासारखं.’’

‘‘तोंड बघाय वाकलास तर भुवया जातील की रं. कोण म्हणलं ह्ये?’’

‘‘बायबलात आहे.’’

अण्णांनी जरा विचार केला. ‘‘त्यो मानूस बसतोय म्हणलंय का हुबा ऱ्हातोय?’’

मला आठवत नव्हतं. ‘‘उद्या इचारून ये,’’ अण्णा म्हणाले. ‘‘त्येच्यावर हाय सगळं.’’

दुसऱ्या दिवशी मी तासाआधी ब्रदरना गाठलं. त्यांनी काळं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि वाचलं. बसतो. स्पष्ट लिहिलेलं: तो बसेल. मग त्यांनी चेहऱ्याचं वाक्य शोधलं. वर गेले, खाली आले, पान उलटलं. चेहरा कुठंच नव्हता. प्रवचनातून प्रवचनात फिरत आलेलं ते वाक्य होतं, मूळ मजकुरात नव्हतंच. तास सुरू झाल्यावर त्यांनी वर्गाला ते सांगितलं: काल मी तुम्हाला जे सांगितलं ते पुस्तकात नाही; करोल बागेतल्या एका चांदी गाळणाऱ्यानं माझी चूक काढली. मी बाकाखाली जाईन की काय असं मला झालं होतं. आज इतक्या वर्षांनी विद्या म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला पुस्तकात वर-खाली फिरणारं ते बोट आठवतं.

रात्री अण्णांना म्हटलं, बसतोय. त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘‘मग लिवणाराला धंदा ठावा हाय. तोंडाचं मागनं कुनीतरी घातलंय.’’

ख्रिस्ती पंडितांनी शतकं खर्ची घातलेली पाठचिकित्सा अण्णांनी ताटावर बसून अशी पार पाडली.

आणि मग ब्रदरनी विचारलं की मला हे बघायला मिळेल का. एका सोमवारी, करोल बागेचा बाजार बंद असतो त्या दिवशी, दुपारी ते आले. पांढरा झगा घालून नव्हे, साधा स्वेटर घालून, बीडनपुऱ्याच्या गल्लीत लोंबकळणाऱ्या वायरींखालून मान वाकवत. अण्णांनी आदल्या दिवशी भट्टीची जमीन राखेनं नव्यानं थापून ठेवली होती. त्या काळात चांदी शुद्ध करायला तेजाबाची पद्धत होतीच, पण अण्णांना जुनी, शिशाची पद्धतही येत होती, आणि पाहुण्यासाठी त्यांनी तीच काढली. राखेत, त्यात हाडाची राखही मिसळलेली, उथळ खळगा करायचा. त्यात हीण असलेली चांदी आणि शिसं एकत्र वितळवायचं, आणि वरून वारा मारत राहायचं. शिसं हवेत जळतं, तांबं आणि बाकीचं हीण सोबत घेऊन राखेत मुरून जातं. चांदी मुरत नाही. ती राहते. ऐकायला सोपं. पण लवकर उचललं तर आत शिसं राहतं, उशीर केला तर चांदी उडून जायला लागते, आणि नेमकी वेळ सांगणारं कोणतंही घड्याळ नाही. म्हणून बसायचं.

ब्रदर पाटावर बसले. त्यांचे गुडघे छातीला लागले होते. आईनं पितळी पेल्यातून चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला. दुभाषा म्हणून मी मधे. मी बरीच तयारी केली होती, शिसं, राख, हीण या सगळ्यांचे इंग्रजी शब्द शब्दकोशातून काढून ठेवले होते. कुणीच काही बोललं नाही. अण्णा काम करताना बोलत नाहीत, आणि ब्रदर शाळेत जे कधी करत नसत ते तिथं करत होते: गप्प होते. तास होऊन गेला. चांदीवर एक गढूळ साय होती, तिच्यातून तेलाचे थेंब पळावेत तशी ठिपक्यांची धावपळ चाललेली. मग ती साय पातळ झाली आणि तिच्यावर रंग यायला लागले, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर येतात तसे, हिरवे, जांभळे, गोल फिरणारे. ब्रदर पुढं झुकले. अण्णांनी हातानं त्यांना मागं सारलं. आमच्या शाळेतल्या कुणाही मुलानं ब्रदरच्या खांद्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

रंग थांबले. आणि पापणी लवावी तेवढ्या वेळात सगळा पृष्ठभाग लखकन उजळला.

‘‘आलं,’’ अण्णा म्हणाले, आणि सवयीनं पुटपुटले, ‘‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं.’’

ब्रदरनी कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं, दुसऱ्यानं काय म्हटलं ते सांग म्हणून. मला एकाचंही सांगता आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९८६च्या फेब्रुवारीत, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले. शाळेत केवढी धांदल. अण्णांना त्यातलं एकच जाणून घ्यायचं होतं, की पोपच्या गळ्यातल्या क्रूसाचा टंच किती. मी म्हटलं, कसं विचारणार? ते म्हणाले, ‘‘लांबून रंगावरनं बघायचा. नव्वदच्या खाली आसंल तर लालसर दिसतुया.’’

ख्रिश्चन ब्रदर्सची संस्था एडमंड राइस नावाच्या आयरिश व्यापाऱ्यानं १८०२ साली वॉटरफर्डमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढून सुरू केली. बायको वारलेली, मुलगी आजारी, पैसा गाठीला. हा माणूस धंदा सोडून एका तबेल्यात रस्त्यावरच्या पोरांना शिकवायला बसला. हे मी शाळेत शिकलो. २००९ साली आयर्लंडमध्ये रायन आयोगाचा अहवाल आला, तो शाळेत शिकलो नव्हतो. तिथल्या निवासी औद्योगिक शाळांत, ज्यांतल्या बऱ्याच याच संस्थेच्या होत्या, मुलांवर दशकानुदशकं झालेल्या मारहाणीची आणि अत्याचारांची ती हजारो पानं. मी ऑफिसात बसून त्यांतली जमतील तेवढी वाचली आणि त्या दिवशी घरी उशिरा गेलो. माझ्या वाट्याला असं काही आलं नाही. पण आपल्या पदरात शुद्ध लगड पडली म्हणून खाणीतलं सगळंच शुद्ध होतं असं गलाईवाल्याच्या पोरानं तरी म्हणू नये. अण्णांना फोनवर सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुझा त्यो मास्तर?’’ मी म्हटलं, नाही अण्णा, ते इकडं होते. ‘‘त्येला हे ठावं आसंल का?’’ हा प्रश्न मलाही पडला होता. ब्रदर तेव्हा हयात नव्हते.

मराठीत बसेना म्हणून मी लहानपणी सोडून दिलेलं बरंचसं मराठीत केव्हाच बसवलं गेलं होतं, हे मला चाळिशीनंतर कळलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. म्हणजे अण्णा आणि मी ताटावर बसून जी खटपट करत होतो ती कुणीतरी साडेतीनशे वर्षांपूर्वी, परक्या मुलखात बसून, आमच्यापेक्षा फार चांगली करून ठेवली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून ओरड झाली. ती ऐकताना मला आजीचा पाव आठवत होता. वसईचे कॅथलिक चर्चला ‘देऊळ’ म्हणतात हे कळल्यावर तर आजीला सांगायला हवं होतं असं वाटलं. पण आजीही तेव्हा नव्हती.

२०२५च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. अध्यक्ष ताराबाई भवाळकर, आमच्या सांगलीच्या. अण्णा आता गावी असतात. टेंभू योजनेचं पाणी आलंय, भावानं डाळिंब लावलंय. करोल बागेतली भट्टी पुतण्या चालवतो, आणि भट्टी म्हणजे आता एक यंत्र आहे. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, थोड्याच वेळात पडद्यावर टंच, दशांश चिन्हानंतर दोन आकडे. संमेलनाच्या वेळी अण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला आले होते. पुतण्या दुकानात यंत्राशेजारी उभा असे आणि अण्णा आकडा आल्यानंतरही स्टुलावर बसून राहत. गिऱ्हाईक विचारी, बाबूजी, अब किसका इंतज़ार है?

संमेलनाला त्यांना मी नेलं. ताराबाईंचं भाषण त्यांनी पूर्ण ऐकलं, पुढच्या परिसंवादात डुलकी काढली. बाहेर पडल्यावर रिक्षा गोल डाकखान्याकडून वळली तेव्हा मी म्हटलं, अण्णा, ही माझी शाळा. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. पालकसभेला आई जायची. हात भाजलेले, इंग्रजी येत नाही, म्हणून ते टाळायचे. शाळेचं फाटक बंद होतं. कॅथीड्रलचं उघडं होतं. आम्ही आत गेलो.

संध्याकाळ होती, बाकं रिकामी. अण्णा मधल्या वाटेनं सरळ पुढं गेले, वेदीकडं डोळे बारीक करून बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘त्यो पेला सोन्याचा का मुलाम्याचा?’’ मी म्हटलं, आतून मुलामा लावतातच, बाहेरचं मला सांगता येणार नाही. त्यांना ते पुरलं. मग ते पहिल्या बाकावर बसले. मीही. बंगलासाहेबवरून संध्याकाळचा पाठ ऐकू यायला लागला. रखवालदार एकदा येऊन घड्याळ दाखवून गेला. मी म्हटलं, ‘‘चला अण्णा, घरी सगळे वाट बघत असतील.’’

‘‘बस की रं जरा.’’

मी खाली बघितलं. आत येताना त्यांनी वहाणा काढून बाकाखाली नीट एकमेकींना लावून ठेवल्या होत्या. मी माझे बूट काढायला वाकलो.